ऑक्सिजनचं कुणी विचारलंच नाही

आज सकाळी मामीचा फोन आला. आवाज कापत होता, "अगं, परत तसंच होणार का गं?" मला आधी काही कळेचना. टीव्ही लावला तर लाल पट्टी, धडाधड म्युझिक, कोरोना परत आला म्हणे, आणि मागे चालू काय तर 2021 चे व्हिडिओ, तीच पीपीई किटं, त्याच चिता. कोपऱ्यात एवढंसं 'फाइल फुटेज'. मामीला ते दिसतं का? डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांबलचक होईल.

त्या एप्रिलमध्ये मामा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होता. बेड मिळाला हेच नशीब. वॉर्डात भिंतीवर टीव्ही, आवाज बंद पण पट्टी चालूच, आज इतके गेले, काल इतके गेले, आणि तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावलेली माणसं पडल्या पडल्या ते वाचतायत. 21 तारखेला नाशिकच्या झाकीर हुसेन हॉस्पिटलची ऑक्सिजनची टाकी लीक झाली, 22 माणसं गेली, आणि तो पांढरा धूर संध्याकाळभर पुन्हा पुन्हा दाखवत होते. मामाने मास्क बाजूला केला आणि विचारलं, "आपल्याकडची टाकी कुठाय गं?" शेवटी वॉर्डातल्या मावशी स्टुलावर चढल्या आणि टीव्हीची पिनच काढून टाकली.

टाकी नव्हतीच आमच्याकडे. मागच्या बाजूला पत्र्याची खोली, तिथे जम्बो सिलिंडर जोडलेले आणि ते बदलायला एक पोरगा. मिनिटाला 15 लिटरवर एकच पेशंट असला तरी असा सिलिंडर सात-साडेसात तासांत संपतो, हायफ्लोवर, म्हणजे नाकातून जोरात ऑक्सिजन सोडणाऱ्या मशीनवर, असेल तर दोन तासही पुरत नाही, हे मला त्या पोराने सांगितलं, सिलिंडर तिरका करून गडगडत नेता नेता. चॅनेलवाले आले होते की दवाखान्यात! गेटवर माझ्या मामेभावाला पकडलं, त्याच्या हातात रेमडेसिव्हिरची चिठ्ठी, आणि तोंडासमोर माईक धरून विचारलं, आता तुम्हाला काय वाटतंय? तो रडला. तेवढं घेतलं आणि गेले. पत्र्याची खोली तिथून हाकेच्या अंतरावर होती. रात्रीची गाडी कधी येते, आली नाही तर काय करता, रात्रपाळीला किती सिस्टर असतात, एकानेही विचारलं नाही.

आणि हे सगळीकडे असंच. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्यात दवाखान्याला आग लागून दहा नवजात बाळं गेली, मग विरारचा आयसीयू, मग नोव्हेंबरमध्ये नगरचं सिव्हिल. दरवेळी दोन दिवस फायर ऑडिट फायर ऑडिट, तिसऱ्या दिवशी विषय बदलला. सप्टेंबर 2020 मध्ये देशात रोज नव्वद हजारांवर पेशंट सापडत होते, आमच्या आशाताई 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरत होत्या, आणि चॅनेलवर दिवसभर सुशांतसिंग. चीड नाही येणार तर काय!

हो, मान्य, पत्रकारही जीव धोक्यात घालून फिरले. टीव्ही9 मराठीचे पांडुरंग रायकर पुण्यात 2 सप्टेंबर 2020 ला गेले, जम्बो कोविड सेंटरमधून हलवायला कार्डिॲक ॲम्ब्युलन्स वेळेत मिळाली नाही. ते आठवलं की राग गिळावा लागतो. आमच्या गेटवरचाही पोरसवदाच होता, कापडी मास्क लावलेला, त्याला स्टुडिओतून जे सांगितलं ते त्याने केलं असणार. त्याच्यावर राग नाहीच माझा. पण अहमदाबादला 'संदेश' या गुजराती पेपरचे पत्रकार शवागाराबाहेर उभे राहून मृतदेह मोजत होते ना, सरकारी आकड्याशी ताडून बघायला? म्हणजे करता येतं. ठरवलं तर येतं.

मामा मे महिन्यात गेला. मामीला आज मी तासभर समजावत बसले, तिला म्हटलं टीव्ही बंद कर, बातम्या नको बघूस. हे सांगायला लागावं याचाच जास्त त्रास होतोय.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये चॅनेलमधले चारपाच जण आहात, वाचत असाल. पुन्हा तो चितांचा व्हिडिओ लावण्याआधी आपापल्या तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन या. 2021 मध्ये घाईघाईने बसवलेला ऑक्सिजन प्लांट चालू आहे का बघा, तो चालवायला माणूस आहे का विचारा, सिस्टरच्या किती जागा रिकाम्या आहेत विचारा. साहेबांकडे नका जाऊ, सिलिंडर बदलणाऱ्याला गाठा, त्याला सगळं माहीत असतं.