डॅनला घालवून देणारी जो

शान्ता शेळक्यांच्या 'चौघीजणी'मुळे, म्हणजे लुईसा अल्कॉटच्या 'लिटल विमेन'च्या अनुवादामुळे, त्यातली जो मार्च आपल्या घरातलीच झाली. पण लग्नानंतर ती काय करते, असं विचारलं की बरेच जण गप्प होतात. ती शाळा काढते! मार्च आत्याच्या प्लमफील्ड नावाच्या घरात, नवरा प्रोफेसर भाएरसोबत. १८७१ सालचं 'लिटल मेन' या शाळेचं पुस्तक आहे. मेहुणा वारल्याचं कळल्यावर, दोन भाच्यांच्या पोटापाण्याची सोय व्हावी म्हणून लुईसा अल्कॉटने रोममध्ये बसून ते लिहिलं.

काय एकेक नग आहेत तिथे! रस्त्यावर व्हायोलिन वाजवून पोट भरलेला नॅट, बोलताना अडखळणारा डॉली, बापाने अभ्यासाचा मारा करून ज्याची बुद्धीच करपवली तो बिली. टॉमी बँग्ज कोंबड्या पाळतो आणि अंडी जोलाच विकतो. शनिवारी रात्री पंधरा मिनिटं उशांची मारामारी, तीही रीतसर परवानगीने.

खोटं बोललेल्या नॅटने शिक्षा म्हणून भाएर सरांच्याच हातावर पट्टी मारायची, हा प्रसंग सगळ्यांना आवडतो. लुईसाच्या वडिलांनी बोस्टनच्या टेंपल स्कूलमध्ये हे खरंच केलं होतं. लहानपणी वाचताना मीही रडलो होतो. आता मात्र खटकतं. आसरा देणाऱ्या माणसावर हात उचलायला लावणं ही छडीपेक्षा क्रूर शिक्षा झाली. (बायकोला हे अजिबात पटत नाही. असो.)

माझ्या लेखी पुस्तक खरं ठरतं ते डॅनमुळे. या पोराला नॅटच शाळेत घेऊन येतो. मग रात्री चोरून पत्ते, बिअर, सिगार आणि त्यातून लागलेली आग. इतकी मायाळू जो, पण तिच्याही घरातून डॅनची रवानगी दुसऱ्या गृहस्थाकडे होते. तिथूनही तो पळतो आणि एके रात्री दुखावलेला पाय ओढत प्लमफील्डच्या आवारात येऊन पडतो. जाता जाता डोकावलो, एवढंच म्हणतो. जो त्याला आत घेते. बरं, त्यानंतरही तो गुणी बाळ होत नाही. १८८६ च्या 'जोज बॉइज'मध्ये त्याच्या हातून माणूस मरतो आणि तो तुरुंगात जातो. लेखिकेने त्याला गुळगुळीत केलं नाही, याबद्दल तिला सलाम.

मी दोन वर्षं मुलांच्या एका वसतिगृहाचा रेक्टर होतो. नववीतल्या एका पोराच्या हातात आम्ही दाखला ठेवला. कारण डॅनच्या मानाने किरकोळ होतं. कागदावर माझीही सही आहे. महिन्याभराने वॉचमन सहज बोलून गेला, "सर, ते पोरगं काल आलं होतं. फाटकाशी बराच वेळ उभं होतं."

मी आत मेसची बिलं तपासत होतो.