पिजदुऱ्याचं गवत : एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

पिजदुऱ्याच्या डायनासोरांवरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं : महाराष्ट्र म्हणजे काळा पाषाण, लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत. डायनासोर होते तेव्हा गवत नव्हतं, हे तुम्ही शिकलात आणि पुढे वर्गात शिकवलंत. शेतातल्या दगडाला आजच्या गवताचे कण चिकटले असणार आणि मी त्यावरून ‘विदर्भात गवत चरणारे डायनासोर’ असा लेख लिहून मुलांची दिशाभूल केली.

पाषाणाचं आधी. राज्याचा बहुतेक भाग बेसॉल्टनं, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणानं झाकलाय, हे खरंच आहे. पण लाव्हा पसरला तो आधीच्या जमिनीवर. ती जमीन म्हणजे लमेटा थर. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून हे नाव पडलं. लाल-हिरवट चिकणमाती, वाळूचा दगड, चुनखडी असा हा गाळ क्रिटेशस काळाच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या अखेरीस, सुमारे 7 कोटी वर्षांपूर्वीपासून नद्यांत आणि उथळ तळ्यांत साचला. लाव्हा आला तो नंतर. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला बेसॉल्टची कड झिजून संपते आणि खालचा गाळ उघडा पडतो. हाडं सापडतात ती या गाळात. जवळच्याच डोंगरगावला मिळालेल्या लांब मानेच्या डायनासोरच्या सांगाड्याचं नाव आज इसिसॉरस आहे. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून ते ठेवलंय.

आता गवत. खरा वाद इथेच आहे.

वरोऱ्याजवळच्या पिजदुरा गावच्या शेतांत (इंग्रजी लेखांत बहुधा पिसदुरा) मातीतून उघडे पडलेले गोलसर, लांबट दगड मिळतात. ते दगड बनलेलं शेण आहे. भूवैज्ञानिक चार्ल्स मॅटली यांनी 1939 साली त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहिला होता. 2005 मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी त्यांतून वनस्पतींचे सिलिकाकण (सिलिका म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य) वेगळे काढले. भाताच्या पात्यानं बोट चिरतं ना, ते याच सिलिकामुळे. झाड मुळांवाटे सिलिका शोषतं, ती पेशींत साठते आणि पेशीचा साचा घेते. पान कुजलं, पोटात पचलं, तरी साचा उरतो. गवताचे साचे इतर झाडांपेक्षा इतके वेगळे असतात की त्यांवरून गवताचा गटही ओळखता येतो. त्या शेणात गवताचे निदान 5 प्रकार निघाले, तेही आजच्या गवतांच्या उपकुळांत बसणारे. 2011 मध्ये याच भागातल्या कणांवरून भाताच्या गणाची (भात आणि त्याची जवळची गवतं) मुळंही तेवढीच जुनी असल्याचं मांडलं गेलं. धान पिकवणाऱ्या पूर्व विदर्भातल्या माणसाला हे वाचून काय वाटतं, ते मी सांगू शकत नाही; माझ्या अंगावर काटा आला होता.

चिकटलेल्या कणांची शंका रास्त आहे, पण दोन गोष्टी बघा. मिळाले ते नुसते सुटे कण नव्हते, सिलिकामय झालेल्या ऊतींचे तुकडे होते. आणि त्याच शेणात सूचिपर्णी वृक्ष, ताडवर्गीय झाडं आणि द्विदल वनस्पतींचेही कण होते. वरोऱ्याच्या कापसा-सोयाबीनच्या शेतात सूचिपर्णी वृक्षाचा कण आज कुठून उडून येणार?

तुम्ही शिकवलंत ते त्या वेळी चूक नव्हतं. तोवर गवताचे निर्विवाद जीवाश्म सुमारे साडेपाच कोटी वर्षांपलीकडे जात नव्हते. पुरावा नव्हता, म्हणून वाक्य तसं होतं. पुरावा मिळाला, आणि तो आपल्या जिल्ह्यातून मिळाला.

पण एका बाबतीत तुमचा राग योग्य आहे आणि तो मला लागला. ‘गवत चरणारे’ हा शब्द मी लिहायला नको होता. चरणं म्हटलं की गाईगुरांसारखं कुरण डोळ्यांसमोर येतं. तशी कुरणं असल्याचं या शेणातून अजिबात सिद्ध होत नाही. संशोधकांचं म्हणणं इतकंच, की हा प्राणी समोर येईल ते खात होता आणि त्यात थोडं गवतही होतं. शिवाय शेण कुणाचं, हेही अनुमान आहे. याच थरांत लांब मानेच्या टायटनोसॉरांची हाडं मिळतात, म्हणून त्यांच्याकडे बोट जातं. शेणावर कुणाची सही नसते. संशोधकांच्या मूळ शोधनिबंधातही टायटनोसॉर ‘संशयित’ असेच आहेत. तो शब्द मी गाळला. मुलांसाठी लिहिताना सोपं करायच्या नादात असं होतं, आणि शिक्षकाला ते खटकणारच.

लेखाचं शीर्षक आज बदललंय : ‘पिजदुऱ्याच्या शेणात सापडलेलं गवत’. दुसऱ्या परिच्छेदात ‘बहुधा टायटनोसॉर’ असं केलंय आणि खाली तुमच्या आक्षेपामुळे दुरुस्ती केल्याची नोंद टाकलीय. तुमचं नाव तिथे घालू का, तेवढं कळवा.