ईगल्सने सुपर बोल ‘विकत घेतला’ म्हणे!

फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या (एनएफएल) फायनलमध्ये, फिलाडेल्फियाच्या ईगल्सने कॅन्सस सिटीच्या चीफ्सला ४०-२२ ने धुतलं तेव्हापासून एक पोस्ट सगळीकडे फिरतीये, न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर तर जरा जास्तच, कारण तिथे न्यूयॉर्क जायंट्सवाले पण आहेत आणि ईगल्सवाले पण. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं: फिलाडेल्फियाने पैसा ओतून ट्रॉफी विकत घेतली. जायंट्सने मूर्खासारखं आपल्या रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणारा), सेक्वॉन बार्कलीला सोडलं, यांनी उचललं, झालं काम. सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा) वगैरे नाटक आहे, ईगल्सचा जनरल मॅनेजर हाऊई रोझमन कागदावर खेळ करतो. ड्राफ्ट (कॉलेजमधले नवे खेळाडू टीमांनी पाळीपाळीने निवडायचे) म्हणजे लॉटरी. म्हणून आपल्या टीमनेही मार्चमध्ये फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंचा खुला बाजार) सुरू झाली की तिजोरी उघडी टाकावी.

वाचायला झकास आहे, पण हिशोब लावायला गेलं की एकेक मुद्दा गळून पडतो.

‘पैसा ओतला’

बरं, २०२४ च्या मार्चमध्ये ईगल्सने बाहेरून आणलेल्यांत सगळ्यात मोठा करार कोणाचा होता? बार्कलीचा नाही. त्याचे तीन वर्षांचे पावणेअडतीस मिलियन डॉलर. सगळ्यात मोठा होता ब्राइस हफचा, जेट्सकडून आणलेला पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास टाकणाऱ्यावर धावून जाणारा), तीन वर्षं आणि ५१ मिलियन. आता बघा या ५१ मिलियनचं काय झालं: अख्ख्या सीझनमध्ये अडीच सॅक (पास टाकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं), आणि सुपर बोलच्या दिवशी गडी ठणठणीत असूनही त्याला खेळणाऱ्यांच्या यादीतच घेतलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात फॉर्टीनाइनर्सकडे रवानगी. म्हणजे ज्याला खरोखर ‘विकत घेतला’ म्हणता येईल तो माणूस फायनल बाहेर बसून बघत होता!

आणि त्याच मार्चमध्ये झॅक बॉन आला, एका वर्षासाठी, साडेतीन मिलियनमध्ये, त्या दिवशी कोणी ढुंकूनही बघितलं नाही. न्यू ऑर्लिन्स सेंट्समध्ये चार वर्षं तो जास्त करून स्पेशल टीम्सवर (किकच्या वेळी उतरणारी तुकडी) नाहीतर कडेला खेळायचा. डिफेन्सचा नवा कोऑर्डिनेटर विक फँजिओ, त्याने त्याला मधे आणून इनसाइड लाइनबॅकर केला आणि पुढे १५१ टॅकल (बॉलवाल्याला पाडणं), फर्स्ट टीम ऑल-प्रो (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी), आणि फायनलमध्ये चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्स याचा पास त्याने जमिनीला टेकायच्या आधी काढला, तोही न्यू ऑर्लिन्समध्ये, ज्या सुपरडोममध्ये त्याची जुनी टीम खेळते तिथेच. मकाय बेक्टनचंही तसंच. जेट्सने २०२० ला अकराव्या नंबरवर घेतलेला टॅकल (इथे हे जागेचं नाव: आपल्या बॉलवाल्याला वाट करून देणाऱ्या पाच जणांच्या लाइनमधली टोकाची जागा), दुखापतींनी बेजार, ईगल्सने स्वस्तात एका वर्षासाठी घेतला आणि लाइन कोच जेफ स्टाउटलंडने त्याला राइट गार्ड (त्याच लाइनमधली जरा आतली जागा) बनवलं. याला खरेदी म्हणा हवं तर, पण पैशाने मिळालं ते सामान, चालवलं कोचनी.

मोठा पैसा कुठे गेला ते पोस्टवाल्याने बघितलेलंच नाही. त्याच मार्च-एप्रिलमध्ये लँडन डिकरसनला ८४ मिलियन, डेव्होन्टा स्मिथला ७५, जॉर्डन मायलाटाला ६६, ए. जे. ब्राउनला ९६. ब्राउन २०२२ च्या ड्राफ्टच्या रात्री टायटन्सकडून ट्रेडमध्ये आलेला, बाकी तिघं ईगल्सनेच ड्राफ्ट केलेले. घरच्यांना भाव वाढायच्या आत बांधून ठेवायचं, ही त्यांची खरी पद्धत, बाजारात जाऊन बोली लावायची नाही.

‘जायंट्सच्या मूर्खपणाने बार्कली मिळाला’

हा मुद्दा अर्धा खरा आहे म्हणून जास्त चिडचिड होते. बार्कलीने २०२४ ला बॉल घेऊन पळत २००५ यार्ड काढले, लीगच्या इतिहासात दोन हजार ओलांडणारा नववा माणूस, आणि प्लेऑफमध्ये (बाद फेरी) रॅम्सविरुद्ध भर बर्फात २०५ यार्ड. हे कोण नाकारतंय? जायंट्सचे मालक जॉन मारा कॅमेऱ्यासमोरच जनरल मॅनेजर जो शेनला म्हणाले होते की हा फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागायची नाही, आणि नेमकं तेच झालं.

पण २०२३ चा बार्कली आठवा की. जायंट्सकडून १४ मॅच, ९६२ यार्ड, एका धावेला (बॉल घेऊन एकदा पळण्याला) सरासरी ३.९ यार्ड. पुढच्या वर्षी ईगल्सकडे ५.८. माणूस तोच, पाय तेच, मधे एक वर्ष वय वाढलेलं. फरक पुढे उभ्या असलेल्या पाच जणांचा. जायंट्सच्या लाइनने २०२३ ला ८५ सॅक होऊ दिले, इतिहासात दुसऱ्या नंबरचा आकडा (पहिला १०४ चा, १९८६ च्या ईगल्सचा, ते पण सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही सांगालच). त्या लाइनमागे बार्कलीला आणखी बारा-तेरा मिलियन देऊन ठेवला असता तरी परत नऊशे-हजार यार्डच निघाले असते आणि तुम्हीच म्हणाला असता की रनिंग बॅकवर पैसे कशाला उडवले. शेनची खरी चूक एक वर्ष आधीची, क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षांचे १६० मिलियन लिहून दिले ती. त्यावर पोस्टमध्ये अवाक्षर नाही.

आणि ज्या फायनलमुळे ही पोस्ट निघाली त्यात बार्कलीचे यार्ड किती? २५ धावांत ५७. चीफ्सने सगळा जोर त्याला अडवण्यावर लावला होता, म्हणून ईगल्सचा क्वार्टरबॅक हर्ट्स याला मोकळीक मिळाली हे मान्य, पण ‘एक माणूस घेतला आणि कप आला’ या थिअरीत हे ५७ कुठे बसवायचे ते सांगा.

‘कॅप म्हणजे नाटक’

२०२४ ला प्रत्येक टीमचा कॅप २५५.४ मिलियन, ईगल्सचाही तेवढाच. रोझमन काय करतो तर पगार कमी ठेवून बोनस मोठा देतो, बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरता येतो, करार तीनच वर्षांचा असेल तर शेवटी नुसती नावाला वर्षं जोडतो, त्यामुळे पहिल्या वर्षी कॅपवर बार्कलीचे जेमतेम चार मिलियनच्या आत दिसले. पण ते पैसे माफ होत नाहीत, खेळाडू गेला की उरलेलं सगळं एकदम अंगावर येतं. ही सवलत बत्तीसच्या बत्तीस टीमना आहे. फक्त मालकाला रोकड आधी काढावी लागते, आणि ईगल्सचा मालक जेफ्री लुरी ती काढतो. एवढंच.

‘ड्राफ्ट लॉटरी’

चुकतो ना, रोझमन पण चुकतो. २०२० ला २१ व्या नंबरवर जेलन रेगर घेतला आणि लगेच पुढच्या नंबरवर व्हायकिंग्सनी जस्टिन जेफरसन नेला, फिलीत अजून त्यावरून शिव्या पडतात. पण लॉटरीचं तिकीट काढून माणूस घरी बसतो. ईगल्सची २०२३ ला १०-१ (दहा विजय, एक पराभव) वरून घसरगुंडी झाली, टँपा बेच्या बक्सने प्लेऑफमध्ये ३२-९ ने झोडपलं, पास अडवायला कोणी नव्हतं. मग २०२४ ला पहिल्या राउंडमध्ये क्विनियन मिचेल घेतला, २००२ नंतर पहिल्यांदाच पहिल्या राउंडमध्ये कॉर्नर (पास अडवणारा). दुसऱ्यात ५० वरून ट्रेड करून ४० वर चढले आणि कूपर डिजीन घेतला. तो बाविसाव्या वाढदिवशी फायनल खेळला आणि माहोम्सचा पास पकडून ३८ यार्ड पळत थेट टचडाउन. त्या सीझनला सगळ्यात कमी यार्ड देणारा डिफेन्स हाच होता.

मायलाटा तर सातव्या राउंडचा, २३३ वा नंबर, ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा, आधी हा खेळ कधी खेळलाच नव्हता. असल्या पोराला वर्षानुवर्षं शिकवावं लागतं. फायनलमध्ये माहोम्सला सहा सॅक बसले, त्यातले अडीच जॉश स्वेटचे (२०१८, चौथा राउंड), दोन मिल्टन विल्यम्सचे (२०२१, तिसरा राउंड). एकदाही ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणं) न करता.

‘आपणही तिजोरी उघडावी’

ईगल्सनीच उघडून बघितलीये. २०११ ला नामदी असोमुगाला ६० मिलियनचा करार, जेसन बेबिन, कलन जेन्किन्स, सगळे एका दमात गोळा केले, त्यांचाच क्वार्टरबॅक व्हिन्स यंग ‘ड्रीम टीम’ म्हणाला, आणि झाले ८-८. पुढच्या वर्षी ४-१२ आणि हेड कोच अँडी रीडची नोकरी गेली. आयपीएलवाल्यांनो, तुमच्या लखनौने २७ कोटींत पंत घेतला होता, २०२५ ला सातवे आले.

आणि ट्रॉफी आल्यावर महिन्याभरात ईगल्सने काय केलं? विल्यम्सला पॅट्रियट्सनी १०४ मिलियन दिले, स्वेटला कार्डिनल्सनी ७६, बेक्टन चार्जर्सकडे, ईगल्सने कोणासाठीच बोली लावली नाही, सोडून दिले. बदल्यात लीगकडून पुढच्या ड्राफ्टला जादा पिक मिळतात, त्यावर डोळा. मोठा पैसा लावला तो बॉनला ठेवायला, ५१ मिलियन.

तेव्हा जायंट्सवाल्यांनो, मार्चमध्ये मागायचंच असेल तर दुसरा बार्कली मागू नका, एक धड राइट गार्ड मागा. तो तुम्हाला साडेपाच मिलियनमध्ये पण मिळेल, पण त्याला शिकवायला स्टाउटलंड लागेल.