पाहुणे गेले, लॉगिन राहिलं

वरची खोली भाड्याने द्यायची ठरवली तेव्हा मला वाटलं होतं, चादरी बदलायच्या नि किल्ली हातात द्यायची, झालं. चादरींचं सोपंय हो, धुतल्या की आधीच्या पाहुण्याचं काही उरत नाही. टीव्हीचं तसं नसतं. पहिलं कुटुंब जाऊन दोन दिवस झाले नि माझं ओटीटी मला फक्त बोलणारे ट्रॅक्टर सुचवायला लागलं, वर एक अर्धवट पाहिलेला भुताचा सिनेमा, म्हणजे पोरं झोपल्यावर आईबापांनीही हात धुऊन घेतलेले.

रागारागात ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ दाबलं. पाच मिनिटांत सासूबाईंचा फोन, "अहो, सीरियल बंद पडली!" त्याही माझ्याच अकाउंटवर आहेत हे मला तेव्हा कळलं.

मग वायफाय. पासवर्ड सगळ्यांना एकच दिलेला, त्यामुळे एका रात्री आम्ही जेवत असताना हॉलमधल्या टीव्हीवर आपोआप कुणाचा तरी साखरपुडा सुरू झाला. वरच्या पाहुण्यांनी कास्ट करताना, म्हणजे फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर लावताना, चुकीचा टीव्ही निवडला होता. (नवरी छान दिसत होती, ते असो.) शेवटी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा राउटरचा पत्ता टाकून त्याची सेटिंग्ज उघडली, तर त्याचं युजरनेम ॲडमिन नि पासवर्डही ॲडमिन. म्हणजे इतकी वर्षं कुलूप लावून किल्ली त्याच कुलपाला लटकवलेली! तो बदलला, पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क केलं, म्हणजे त्यांना इंटरनेट मिळतं पण आमचा टीव्ही, प्रिंटर काही दिसत नाही. जोशात घरचा पासवर्डही २० अक्षरी केला आणि मग वायफायवर चालणारे बल्ब, कॅमेरा, प्रिंटर सगळे एकदम रुसले, त्यात बल्बला वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा बँडच कळतो, एकेकाची समजूत काढण्यात अख्खा रविवार गेला. पाहुणे मात्र क्यूआर कोड स्कॅन करून दोन सेकंदात आत.

वरच्या टीव्हीवर आता माझं अकाउंटच नाही, ज्याने त्याने आपलं लॉगिन करायचं, जाताना काढायचं. मागच्या आठवड्यातला मुलगा काढायला विसरला. मी लॉगआउट करायलाच वर गेलो होतो, खरंच, पण एक थ्रिलर दिसली, म्हटलं पाच मिनिटं बघू. तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, "काका, तुम्ही सहाव्या भागावर पोचलात, मी अजून चौथ्यावरच आहे. प्लीज लॉगआउट करा, आणि खुनी कोण ते सांगू नका."