परीक्षा शिक्षकांची, पास मुलं?

लेखात म्हटलंय की दोन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर शिक्षकांचे चाचणीतले गुण वाढले, म्हणजे मानसिक आघात सोसलेल्या मुलांसाठीचा शाळेतला कार्यक्रम यशस्वी. अहो, परीक्षा शिक्षकांची घेतली आणि पास मुलांना केलं!

मी सोलापूरच्या पूर्व भागात शिकवते. मुलांच्या घरी यंत्रमाग नाहीतर विड्या, बोलणं तेलुगू. वर्गातला एक जण डस्टर उचललं की दोन्ही हात डोक्यावर घ्यायचा. अशाला ‘गेल्या आठवड्यात किती वेळा उदास वाटलं?’ अशी मराठी प्रश्नावली दिली, तर तो बाईंना आवडेल त्या चौकोनात खूण करणार. आणि भांडखोर पोर गप्प झालं की अहवालात ‘सुधारणा’! गप्प होणं हेही आघाताचं लक्षण असतं.

अशा शालेय कार्यक्रमांवरचं जगभरचं संशोधन छाननाऱ्या २०१९ च्या कॅम्पबेल आढाव्यात ९ हजारांवर संदर्भ चाळले, परिणाम नीट तपासल्याच्या निकषांत बसणारा एकही अभ्यास सापडला नाही. म्हणून हे सगळं निरुपयोगी ठरत नाही, नीट तपासलेलं नाही एवढंच. लॉस एंजेलिसमध्ये हिंसा पाहिलेल्या सहावीच्या मुलांचे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, दोन गट केले होते (२००३ साली प्रसिद्ध). एकाला लगेच गटातल्या मानसोपचाराची १० सत्रं, दुसऱ्याला नंतर. ३ महिन्यांनी पहिल्या गटाची लक्षणं बरीच कमी होती. गंमत म्हणजे वर्गातल्या वागण्यात शिक्षकांना फारसा फरक दिसलाच नव्हता! आणि आपण विचारतोय शिक्षकांनाच.

इथेही निम्म्या शाळा यंदा, निम्म्या पुढच्या वर्षी घ्या. प्रश्न तोंडी, तेलुगूतही, विचारणारा शाळेबाहेरचा. निवडणूक आणि पोषण आहाराच्या नोंदी सांभाळून ही सत्रं घ्यायची कुणी, तेही लेखकाने लिहावं.