‘आवडले तरच घ्या’ एवढं सोपं असतं तर…

बाळाच्या फोटोशूटमध्ये खिसा कापला गेल्याची तक्रार कुणी केली, की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. शूट फुकट किंवा नाममात्र दरात असतं, फोटो आवडले तरच घ्यायचे, दर विचारणं पालकांचं काम, फोटोंची मालकी स्टुडिओची आणि बळजबरी कुणी करत नाही, असं त्याचं म्हणणं. वाचताना पटतं. म्हणूनच एकेक मुद्दा तपासू.

‘शूट फुकट आहे.’ फुकट असतं ते क्लिक करणं. फोटो हातात पडायला पैसे लागतात. फसव्या जाहिरातींविरुद्धच्या 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, प्रतिसाद देण्याचा किंवा वस्तू घरी पोचवण्याचा अटळ खर्च सोडून आणखी काही मोजावं लागत असेल, तर जाहिरातीत ‘मोफत’ म्हणता येत नाही.

‘आवडले तरच घ्या.’ खरी मेख इथे आहे. आषाढीच्या तोंडावर बाळाला छोटा वारकरी करतात, नाहीतर जन्माष्टमीला बाळकृष्ण. तासाभराने आईबाबांना आणि आजीला मोठ्या पडद्यासमोर बसवून संगीतासह फोटो दाखवतात. आजीने डोळे पुसले की दरपत्रक बाहेर येतं. समजा, जाहिरातीत 1,999 रुपयांत 5 फोटो होते. दाखवले 60. ज्यादा फोटो प्रत्येकी 600 रुपये, सगळ्यांची सॉफ्ट कॉपी 18,000. सुटे 55 फोटो घ्यायचे तर 33,000 होतात, त्यामुळे 18,000 देताना आपण पैसे वाचवले असंच वाटतं. घरून निघताना डोक्यात आकडा होता 1,999 चा! फोटो आवडणारच, स्वतःच्या लेकराचे आहेत. न आवडण्याची मुभा देण्यात स्टुडिओचं काहीच जात नाही.

वर ‘आज ठरवलंत तरच हा दर, नंतर फोटो डिलीट होतील’ हे असतंच. एका शूटच्या फाइली महिनाभर हार्ड डिस्कवर ठेवायला जवळजवळ काही खर्च येत नाही. घाई असते ती तुम्ही घरी जाऊन विचार करू नये याची.

‘दर आधी विचारायला हवे होते.’ हवेच होते. पण फोनवर विचारलं की ‘आधी या तर खरं, पॅकेज मग बघू’ हे उत्तर मिळतं. ऑनलाइन विक्रीत सुरुवातीला कमी किंमत दाखवून खरी किंमत शेवटी उघड करणं आणि खोटी घाई निर्माण करणं, हे दोन्ही 30 नोव्हेंबर 2023 च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध ठरवलेल्या 13 प्रकारांत मोडतं. जाता जाता, शेवटी ‘प्लस जीएसटी’ आलं तर बिलावर जीएसटी नंबर आहे का बघा. नोंदणी नसलेल्याला तो कर घेता येत नाही.

‘फोटो स्टुडिओच्या मालकीचे.’ हे तर बेधडक खोटं. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17: मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा असतो, उलट करार नसेल तर. म्हणून सही करण्याआधी फॉर्म वाचा. मालकी सोडल्याचं आणि बाळाचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायला परवानगी दिल्याचं वाक्य त्यातच दडलेलं असू शकतं. शूट खरोखर फुकट असेल तर मात्र या तरतुदीवर विसंबता येणार नाही. मोबदलाच नाही ना!

‘स्टुडिओलाही खर्च असतो.’ शंभर टक्के मान्य. भाडं, लाइट, रडणाऱ्या बाळाला रमवणारी मदतनीस, एडिटिंगचे तास. म्हणूनच जो फोटोग्राफर 15,000 आधी सांगून घेतो त्याच्याबद्दल तक्रार नाही. ‘फुकट’वाल्यांमुळे गिऱ्हाईक त्याचंच तुटतं.

‘बळजबरी कुणी करत नाही.’ हात पिरगाळत नाहीत, एवढंच खरं. ‘लेकराच्या आठवणींचा हिशेब करता?’ हे आजीसमोर विचारलं की बाप पाकीट काढतो.

पैसे भरून बसला असाल तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट आणि बिल जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची, आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.