चार पॅड, एक डेटम प्लेन: आपल्या रिव्ह्यूला आमचे उत्तर

नमस्कार.

तळाला चार पॅड, म्हणजे टेकायचे उंचवटे, असलेला आपला जॉब (यंत्रभाग) आम्ही मोजला; त्यावर आपण दिलेला एक तारा आणि त्याखालचा सविस्तर रिव्ह्यू वाचला. त्यात तीन आक्षेप आहेत. आपल्या सीएमएमवर (स्पर्शाने पॉइंट घेऊन मोजणाऱ्या मशीनवर) ०.००० आलेला पॅडचा सपाटपणा आमच्या रिपोर्टमध्ये ०.०११ मिमी कसा झाला; सरफेस प्लेटवर (मोजणीच्या अतिशय सपाट फरशीवर) डायल, म्हणजे उंचीतला सूक्ष्म फरक दाखवणारे गेज, फिरवून ०.००८ मिमी मिळालेली वरच्या फेसची तळाशी समांतरता ०.०२४ दाखवून आम्ही जॉब रिजेक्ट का केला; आणि एकाच उंचीचे ६४.०१८ व ६४.०२२ असे दोन आकडे एकाच रिपोर्टमध्ये कसे. यावरून, आम्ही पृष्ठभाग मोजतच नाही, सॉफ्टवेअरमध्ये सोयीचे प्लेन (काल्पनिक सपाट पातळी) रचून आकडे काढतो, असा निष्कर्ष आपण काढला आहे. ग्राहकाचे ड्रॉइंग आम्ही जाहीर करत नाही, त्यामुळे आपण स्वतः जोडलेल्या रिपोर्टच्या फोटोत जेवढे दिसते तेवढ्याच आधारावर लिहितो.

सपाटपणाचा मुद्दा सर्वांत सरळ आहे. आपल्या ऑपरेटरने चारपैकी तीन पॅडवर एकेक पॉइंट घेतला आणि त्या तीन पॉइंटांतून प्लेन काढले. एका रेषेत नसलेल्या कोणत्याही तीन बिंदूंतून एक प्लेन अचूक जातेच. त्यामुळे जॉब घासलेला असो वा ओबडधोबड कास्टिंग असो, उत्तर शून्यच येणार. सपाटपणाबद्दल काही बोलायचे तर किमान चौथा पॉइंट लागतो, आणि चार पॉइंटही नावापुरतेच. आम्ही प्रत्येक पॅडवर अनेक पॉइंट घेतले, कारण आपल्या ड्रॉइंगवर चारही पॅडना मिळून एकच सपाटपणा मागितला आहे.

यात सॉफ्टवेअर वापरणाऱ्या पुष्कळांची गफलत होते, म्हणून थोडे थांबून सांगतो. प्रत्येक पॅड वेगळे प्लेन म्हणून मोजले आणि मग ती चार प्लेन निवडून त्यांचे एक बेस्ट फिट प्लेन (सर्वांना सरासरीने सर्वांत जवळचे) मागितले, तर अनेक सॉफ्टवेअर प्रत्येक पॅडचा फक्त मध्यबिंदू उचलतात. म्हणजे पॅडगणिक कितीही पॉइंट घेतलेले असोत, हिशेबात येतात चारच, आणि पॅडच्या आतला चढउतार गायब होतो. आपल्या जॉबवर या पद्धतीने ०.००८ आले असते. चारही पॅडचे मूळ पॉइंट एकत्र घेऊन प्लेन काढले की ०.०११ येते. दिसायला चांगला आकडा पहिला आहे, पण ड्रॉइंगने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसरा देतो.

आता समांतरता, म्हणजे खरा वादाचा विषय. रिपोर्टच्या फोटोत चारही पॅडची सरासरी विचलने दिसतात: पॅड १ आणि ३ बेस्ट फिट प्लेनपासून ४ मायक्रॉन (०.००४ मिमी) बाहेर, पॅड २ आणि ४ तेवढेच आत. १ आणि ३ समोरासमोरच्या कोपऱ्यांत आहेत, म्हणजे तळाला पीळ आहे. असा जॉब सरफेस प्लेटवर चारही पायांवर कधीच बसत नाही. तो १ आणि ३ वर टेकतो आणि तिसरा टेकू म्हणून २ किंवा ४ यांपैकी ज्या बाजूला भार पडेल तो पॅड घेतो. उरलेला पॅड प्लेटपासून १६ मायक्रॉन वर राहतो. एवढ्या फटीत फिलर गेजची नेहमीची पाती जात नाही आणि हाताला डुगडुगणे जाणवेलच असेही नाही, त्यामुळे जॉब नीट बसला आहे असेच वाटते. (सरफेस प्लेटला मी कमी लेखत नाही; आमच्याकडेही संशय आला की पहिली धाव तिकडेच असते.)

पॅड २ आणि ४ यांच्यातले कर्णावरचे अंतर २०० मिमी आहे. जॉब २ वर कलला तर संपूर्ण वरचा फेस त्या अंतरात १६ मायक्रॉनने एका बाजूला झुकतो, ४ वर कलला तर तेवढाच विरुद्ध बाजूला. आपल्या वरच्या फेसचा स्वतःचा उतार नेमका याच कर्णाच्या दिशेने, सुमारे २४ मायक्रॉन आहे. आपण डायल लावला तेव्हा जॉब ज्या बाजूला कललेला होता, त्या झुकावाने हा उतार कापला गेला आणि २४ चे ८ उरले. तोच जॉब न उचलता, वर राहिलेल्या पॅडवर बोटाने हलका दाब देऊन पुन्हा डायल फिरवला तर ०.०४० च्या आसपास वाचन यायला हवे. आपल्या प्लेटवर हे करून पाहायला पाच मिनिटे लागतील आणि आमच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज उरणार नाही.

मग ०.००८, ०.०४० आणि ०.०२४ यांपैकी कोणता आकडा धरायचा, हे ना आपण ठरवायचे, ना आम्ही. आपल्या ड्रॉइंगवर एएसएमई वाय १४.५ या (ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सच्या अमेरिकन) मानकाची २०१८ ची आवृत्ती लिहिलेली आहे. डेटमचा, म्हणजे ज्याच्या आधारे बाकीची मापे घेतात तो, पृष्ठभाग डुगडुगणारा असेल तर त्यातली मूळ तरतूद एकाच स्थितीची आहे. सोयीची बैठक निवडण्याची मोकळीक त्यात नाही. त्या स्थितीचे गणित वाय १४.५.१ या जोडमानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत आहे: प्लेन मटेरियलच्या बाहेर राहिले पाहिजे, आणि त्या अटीत पृष्ठभागापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी आली पाहिजे. आपल्या जॉबसाठी असे प्लेन १ आणि ३ ला टेकते आणि २ व ४ यांच्यापासून सारख्याच, म्हणजे ८ मायक्रॉन अंतरावर राहते. दोन्हीकडच्या डुगडुगण्याच्या बरोबर मधोमध. त्यावरून समांतरता ०.०२४ येते, टॉलरन्स (मान्य मर्यादा) ०.०२० आहे, म्हणून रिजेक्ट. साध्या बेस्ट फिट प्लेनवरूनही ०.०२४ च येते, कारण ही दोन प्लेन एकमेकांना समांतर आहेत. निकाल पद्धत बदलून फिरला, असे इथे घडलेलेच नाही.

दोन उंचींचा उलगडाही यातच आहे. बेस्ट फिट प्लेन पॉइंटांच्या मधून जाते, त्यावरून ६४.०१८, बाहेरून टेकणारे प्लेन त्याच्यापेक्षा ४ मायक्रॉन बाहेर, त्यावरून ६४.०२२. दोन्ही ओळींसमोर कोणते प्लेन वापरले ते लिहिले आहे, आणि डेटमशी संबंधित ओळ दुसरी आहे. पहिली ओळ आम्ही मुद्दाम देतो, कारण बहुतेक ग्राहकांच्या मशीनवर बेस्ट फिट हीच सुरुवातीची सेटिंग असते आणि तुलना करताना त्यांना तोच आकडा दिसतो.

जॉबसाठी आपण दिलेला सीएमएमचा प्रोग्रॅम आम्ही चालवला नाही, हेही सांगायला हवे. त्यात अलाइनमेंटच्या (जॉब कसा ठेवला आहे हे मशीनला कळवण्याच्या) आधीच पॅडवरचे पॉइंट घेतले आहेत आणि स्टायलसच्या, म्हणजे स्पर्श करणाऱ्या टोकावरच्या बॉलच्या, त्रिज्येची भरपाई मशीनच्या अक्षाच्या दिशेने होते, पृष्ठभागाच्या लंबदिशेने नाही. जॉब सरळ ठेवला असेल तर फरक नगण्य. पण ४ मिमी व्यासाचा बॉल आणि फिक्स्चरवर ५ अंश तिरका जॉब असेल तर प्लेन साडेसात मायक्रॉनहून अधिक सरकते. सगळे पॉइंट सारखेच सरकत असल्याने सपाटपणात हे दिसत नाही, गुपचूप उंचीत जाते. म्हणून आम्ही बॉलच्या केंद्रांतून प्लेन काढतो आणि भरपाई नंतर त्या प्लेनच्या लंबदिशेने करतो.

रिपोर्टमधला निकाल आम्ही बदलणार नाही. मात्र हा जॉब असेंब्लीत प्रत्यक्षात १, २ आणि ३ याच पॅडवर बसणार असेल आणि चौथा फक्त आधारापुरता असेल, तर आपल्या डिझाइनरना त्या तीन पॅडवर डेटम टार्गेट (डेटमसाठी नेमून दिलेल्या जागा) द्यायला सांगावे. तसे सुधारित ड्रॉइंग आले की त्या तीन पॅडवरून प्लेन काढू. आपला आधीचा डायल २ च्या बाजूच्या बैठकीवरचा असेल तर समांतरता ०.००८ च्या जवळ येऊन जॉब पास होईल. १, ३ आणि ४ निवडले तर तोच जॉब आजच्यापेक्षा वाईट रीतीने नापास होईल, म्हणून कोणते तीन हे असेंब्ली पाहूनच ठरवावे. नवे ड्रॉइंग नसेल तरी जॉब घेऊन या. दोन्ही बैठकींवरचे डायल आणि सीएमएमचे मोजमाप आपल्या ऑपरेटरच्या समोर करू, आणि कच्चे पॉइंट फाइलमध्ये देऊ, म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरमध्ये तेच प्लेन आपल्यालाही काढता येईल.

— संचालक, मोजमाप विभाग